चार टायर आणि चार हप्ते : उधारीचा थोडासा इतिहास

शारजात गाडी बाळगणाऱ्याला गाडीच्या पासिंगला सामोरे जावेच लागते. मुल्किया नव्याने करायची म्हणजे तपासणी आली, आणि तपासणी म्हटली की टायर आले. इथे टायरची नक्षी शाबूत असून भागत नाही, त्याचे वयही पाहिले जाते. टायरच्या कडेवर चार आकडे उमटवलेले असतात. ते जर ‘२३२१’ असतील, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. अमिरातीत टायरचे आयुष्य निर्मितीपासून पाच वर्षे धरतात. मुदत संपलेल्या टायरवर गाडी चालवताना सापडलात तर ५०० दिरहम दंड, ४ ब्लॅक पॉइंट आणि आठवडाभर गाडी जप्त, अशी शिक्षा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथले डांबर कसे तापते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा नियम जाचक वाटणार नाही. ऐन वेगात टायर फुटणे म्हणजे काय, हे शेख मोहम्मद बिन झायेद रोडने रोज ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको.

इंडस्ट्रियल एरियातल्या टायरच्या दुकानात गेले की पुढचा प्रश्न पैशाचा येतो. रोख की क्रेडिट कार्ड? की हल्ली जिथे तिथे पाट्या दिसतात त्याप्रमाणे चार हप्ते, बिनव्याजी? चार टायर आणि चार हप्ते, हिशेब मोठा सुटसुटीत दिसतो! माझे काम बँकांच्या कर्जाच्या संगणक प्रणालींशी निगडित असल्यामुळे ‘हप्ता’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. (मूळ फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा, आणि आठवड्याला द्यायची रक्कम म्हणजेही हप्ता.) या हप्त्याचा माग काढत मागे गेलो, तेव्हा एक वाट थेट आपल्या शारजाच्या समुद्रात निघाली आणि दुसरी बीड जिल्ह्यातल्या शिवारात. त्या वाटांवरच्या काही गोष्टी आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

रबराचा जन्मच कर्जात

टायरचे आणि कर्जाचे नाते टायरच्या जन्माआधीचे आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. गंधक मिसळून ते तापवले तर टिकाऊ होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली उमगले आणि १८४४ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. या एका ध्यासापायी या माणसाने घरदार पणाला लावले. देणी न फेडल्याबद्दल त्याला अमेरिकेत तुरुंगवास घडला, आणि पुढे १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचा गौरव होत होता त्या सुमारास तिथेही तो कर्जापायी तुरुंगात होता. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर मोठे कर्ज होते. आज त्याच्या नावाने टायर विकणारी कंपनी त्याची नव्हे. ती फ्रँक सायबर्लिंग याने १८९८ साली अक्रन या गावी काढली आणि दिवंगत संशोधकाचे नाव तिला दिले. गंमत म्हणजे कारखान्याची जागा घेण्यासाठी सायबर्लिंगने सुरुवातीचे ३,५०० डॉलर आपल्या मेहुण्याकडून उसने घेतले होते! दरम्यान १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची धाव तयार केली होती आणि टायरयुग सुरू झाले होते.

पण हे झाले टायर बनवणाऱ्यांचे कर्ज. टायर विकत घेणाऱ्याच्या कर्जाची गोष्ट समजून घ्यायची तर आधी कर्जाचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. एक कर्ज माणसाच्या अंगावर दिले जाते, दुसरे वस्तूवर. पहिल्या प्रकाराचा इतिहास शारजाच्या किनाऱ्यावर आहे.

मोती, नाखुदा आणि उचल

तेल सापडण्यापूर्वी या किनाऱ्याचे पोट मोत्यांवर चाले. उन्हाळ्याचे चार महिने लाकडी गलबते समुद्रात जात. पाणबुडा नाक चिमट्याने बंद करून, पायाला दगड बांधून तळाशी जाई, आणि वर बसलेला त्याचा जोडीदार दोर ओढून त्याला बाहेर काढी. हंगामापूर्वी घरच्यांच्या पोटापाण्यासाठी पाणबुड्याला आगाऊ रक्कम मिळे. ती देणारा गलबताचा नाखुदा. आपल्या कोळी बांधवांचा ‘नाखवा’ तो हाच, कारण दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दातून आले आहेत. नाखुदा स्वतः व्यापाऱ्याकडून कर्ज घेई, आणि व्यापाऱ्याच्या मागे बऱ्याचदा मुंबईच्या मोतीबाजाराचा पैसा असे. शारजातला पाणबुडा आणि मुंबईतला जव्हेरी यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसे, पण एकाच कर्जाच्या दोरीची ती दोन टोके होती. कारभाराच्या दृष्टीनेही हा किनारा मुंबईला जवळचाच होता. ब्रिटिशांचा स्थानिक एजंट शारजात राही, आणि आखाताचा हा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडे होता.

व्याज घेणे धर्माने निषिद्ध असल्याने ते उघडपणे लावत नसत. पण उचलीचा काही भाग तांदूळ, खजूर, कापड अशा मालाच्या रूपाने दिला जाई आणि त्याची किंमत चढवून वहीत मांडली जाई. वही नाखुद्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे, आणि पाणबुडा बहुधा निरक्षर. हंगाम चांगला गेला तर कर्ज थोडे कमी होई, वाईट गेला तर वाढे. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या गलबतावर जाण्याची मुभा नाही. बाप समुद्रात गेला किंवा आजारात वारला, तर अनेक ठिकाणी मुलाने त्याच नाखुद्याकडे डुबकी मारून ते कर्ज फेडावे अशी रीत होती. माणूस संपला तरी कर्ज संपत नसे. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कल्चर मोती यांनी हा धंदाच मोडला, तेव्हा मोती गेले पण वह्यांतले आकडे मात्र राहिले.

आपल्यापैकी मराठवाड्यातल्या वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटले असेल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेचे नाव ‘उचल’. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. नाखुद्याच्या जागी मुकादम घाला आणि समुद्राच्या जागी उसाचा फड, हिशेबाची रीत तीच.

आणि इथेच आपला टायरही भेटतो. ऊसतोडीच्या काही टोळ्या ‘टायरगाडी’वर काम करतात. ही लाकडी चाकाऐवजी रबरी टायर बसवलेली बैलगाडी. पुष्कळदा ती कारखान्याकडून भाड्याने मिळते आणि तिचे भाडे मजुरीतून कापून घेतात. बैल स्वतःचे, अंगमेहनत स्वतःची, टायर मात्र दुसऱ्याचा. चार हप्त्यांत टायर घेणारे आपण आणि टायरचे भाडे मजुरीतून वळते करून देणारा तो गाडीवान, यांच्यात अंतर पुष्कळ आहे. पण दोघांचाही टायर उद्याच्या कमाईवर फिरतो, एवढे साम्य आहेच.

वस्तूवरचे कर्ज : शिलाई मशीन ते मोटार

दुसरा प्रकार वस्तूवर दिलेल्या कर्जाचा. त्याचे श्रेय सहसा शिलाई मशीनला देतात. अमेरिकेत १८५० च्या दशकात सिंगर कंपनीने मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी भरा, मशीन घरी न्या, बाकी दरमहा द्या. सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकी कंपनीची, आणि हप्ते थकले तर मशीन परत. कर्ज देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची माहिती काढायची गरज उरली नाही, कारण मशीन त्याच्या हातचे होते.

मोटारीला ही युक्ती फारच मानवली. जनरल मोटर्सने १९१९ साली खास कर्ज देण्यासाठी वेगळी कंपनी काढली. हेन्री फोर्डला उधारी आवडत नसे. त्याने १९२३ साली उलटी योजना आणली : आधी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करत जा, पुरे झाले की गाडी न्या. पण लोकांना गाडी आज हवी होती. योजना चालली नाही, आणि १९२८ साली फोर्डलाही कर्ज देणारी कंपनी काढावी लागली. १९२० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेतील बहुसंख्य मोटारी हप्त्यावर विकल्या जाऊ लागल्या होत्या.

आपल्याकडे ट्रक आणि बसगाड्यांसाठी ‘हायर पर्चेस’ रुजवण्यात १९५४ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या सुंदरम फायनान्ससारख्या कंपन्यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात १९८७ साली आकुर्डीच्या बजाजने स्कूटर-रिक्षांसाठी कर्ज देणारी कंपनी काढली आणि हप्ता मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला. सरकारने १९७२ साली हायर पर्चेसचा कायदा संमत केला खरा, पण तो प्रत्यक्षात कधी अंमलात आलाच नाही, आणि २००५ साली रद्द झाला. भारतीय कायद्यांच्या इतिहासात जन्माला येऊन कधीच न चाललेला असा कायदा विरळाच!

मराठी बँकिंगमध्ये या कर्जासाठी एक सुरेख शब्द आहे : नजरगहाण. दागिना गहाण ठेवला की तो सावकाराच्या तिजोरीत जातो. नजरगहाणात वस्तू तुमच्याकडेच राहते, वापरता तुम्हीच, पण बँकेची तिच्यावर नजर. गाडीच्या आरसी बुकावर भारतात बँकेचे नाव येते तसे इथे मुल्कियावर येते. कर्ज फिटले की नाव निघते.

टायर नेमका कोणाचा?

आता खरा पेच. गाडीवर कर्ज मिळते, तसे टायरवर का मिळत नाही? कारण सावकाराच्या दृष्टीने टायर हे फार वाईट तारण आहे. गाडी पाच वर्षे वापरून जप्त केली तरी तिला काही किंमत येते. टायर मात्र हप्ते भरता भरता झिजतो, आणि शेवटी काढून न्यायचा म्हटले तर कोणी विकत घेत नाही. शिवाय तो दुसऱ्याच्या नजरगहाण गाडीला बसवलेला असतो.

हा पेच नुसता कल्पनेतला नाही. १९२९ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयात असाच खटला गाजला. ट्रक एका कंपनीकडून हायर पर्चेसने घेतलेला. त्याला बसवलेले टायर बर्गोन्यान या टायर कंपनीचे, आणि तेही पैसे फिटेपर्यंत मालकी आमची या अटीवर दिलेले. ट्रकचे हप्ते थकले. ट्रकवाल्या कंपनीने ट्रक टायरसकट ताब्यात घेतला. मग टायर कोणाचे? न्यायालयाने म्हटले की टायर ट्रकला इजा न होता काढता येतात, त्यामुळे ते ट्रकमध्ये विलीन होत नाहीत. ते टायर कंपनीचेच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून शिकवतात.

खटला जिंकला तरी झिजलेले टायर परत घेऊन कंपनीला काय मिळणार? म्हणून टायरवाल्यांनी निरनिराळ्या युक्त्या केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या मोटारबसचे टायर इतके महाग पडत आणि इतके लवकर झिजत की बस चालवणे परवडेना. तेव्हा टायर कंपन्यांनी मैलामागे ठरावीक पैसे असा करार सुरू केला. टायर आमचे, देखभाल आमची, बस जितके मैल धावेल तितके पैसे द्या. टायर झिजेल तसे देणे फिटत जाई, आणि टायर संपला की देणेही संपलेले! मला तर टायरच्या उधारीच्या सगळ्या इतिहासात हा करार सर्वांत न्याय्य वाटतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकात फायरस्टोन, गुडइयर यांच्या दुकानांनी सामान्य गाडीवाल्यांना हप्त्यावर टायर द्यायला सुरुवात केली. त्यात वस्तूपेक्षा गिऱ्हाइकाची नोकरी आणि पत पाहिली जाई. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, रबर तुटले, आणि अमेरिकेत १९४२ च्या जानेवारीत नियंत्रित वाटपाखाली आलेल्या पहिल्या वस्तूंत टायर होता. त्या काळात उधारी नव्हे, परवाना मिळवणे कठीण होते.

माझे एम.एस. अमेरिकेत झाले. तिथे विद्यार्थी म्हणून जुन्या गाड्या वापरणारे आम्ही वापरलेल्या टायरच्या दुकानांचे नेहमीचे गिऱ्हाईक. तिथे टायर भाड्याने देणारी दुकानेही होती. मंदीनंतर, २०१३ च्या सुमारास, त्यांचा धंदा इतका वाढला की वर्तमानपत्रांत त्यावर मोठे लेख आले. दर आठवड्याला थोडे डॉलर भरायचे आणि वर्षा-दीड वर्षाने टायर आपले. सगळे भाडे मिळवले तर रोख किमतीच्या दुप्पट-तिप्पट भरावे लागे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यालाच टायर सर्वांत महाग पडतो, हे मोत्यांच्या काळापासूनचे सत्य तिथे नव्या वेषात दिसले.

भारतात टायरची उधारी मुख्यतः ट्रकवाल्यांची. दहा चाकी ट्रकचे दहा टायर आणि वर स्टेपनी. डिझेलखालोखाल मोठा खर्च टायरचाच. पूर्वी हा व्यवहार टायरवाल्याच्या खात्यावर चाले, ओळखीवर आणि शब्दावर. पुढे श्रीराम ट्रान्स्पोर्टसारख्या कंपन्यांनी आपल्या जुन्या कर्जदारांना खास टायरसाठी छोटी कर्जे द्यायला सुरुवात केली. टायर तारण म्हणून निरुपयोगी, पण ट्रक आधीच नजरगहाण आहे आणि माणसाने मागचे हप्ते वेळेवर भरलेत, हे पुरेसे. ज्यांना तेही जमत नाही ते जुन्याच टायरवर रबराचा नवा थर चढवून घेतात. आपल्या एसटीनेही (जिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी धावली) रिट्रेडिंगसाठी स्वतःचे कारखाने उभारले. कर्ज काढण्यापेक्षा जुने टिकवावे हा अस्सल मराठी मार्ग म्हणायला हरकत नाही!

जाता जाता : भारतीय टायर उद्योगाची शारजातली सर्वांत मोठी जाहिरात कुठली? एप्रिल १९९८ मध्ये इथल्या मैदानावर वादळानंतर १४३ आणि दोन दिवसांनी आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी १३४ धावा काढणाऱ्या सचिनच्या बॅटवर एका टायर कंपनीचीच तीन अक्षरे होती. असो.

रुपयापासून दिरहमपर्यंत

आता पुन्हा शारजात येऊ. १९३२ साली इंपीरियल एअरवेजने इथे विमानतळ केला, त्याचे भाडे शेखांना रुपयांत मिळे. त्या धावपट्टीचाच आज किंग अब्दुल अझीझ रस्ता झाला आहे. विमानांच्या चाकांची जागा आपल्या टायरांनी घेतली. (शेजारचे ‘अल महत्ता’ संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे.) या साऱ्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. पण ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला, आणि इथल्या लोकांच्या पेटीतली शिल्लक एका रात्रीत घटली. मग इथल्या अमिरातींनी रुपया सोडला. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अमिरात स्थापन झाली आणि १९ मे १९७३ रोजी दिरहम आला.

मग रस्ते आले, गाड्या आल्या, आणि गाड्यांमागून कर्जे. १९७५ साली स्थापन झालेल्या शारजाच्या बँकेने २००२ साली व्याजी व्यवहार सोडून इस्लामी पद्धत स्वीकारली. अशा बँकेत गाडी घ्यायची तर बँक आधी स्वतः गाडी विकत घेते आणि ठरलेला नफा मिळवून तुम्हाला हप्त्याने विकते. याला ‘मुराबहा’ म्हणतात. मूळ किंमत किती आणि नफा किती हे आधी सांगावे लागते, हा त्यातला महत्त्वाचा भाग. मोत्यांच्या वहीत नेमके तेच लपवलेले असे.

आपण परदेशी लोक नोकरीच्या व्हिसावर राहणारे. नोकरी गेली की पगार गेला, व्हिसाही गेला, आणि कर्ज तेवढे उरले. पूर्वी कर्जासोबत तारखा टाकलेले धनादेश देण्याची पद्धत होती, आणि धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा. २००८-०९ च्या मंदीत विमानतळावर गाडी सोडून देश गाठणाऱ्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या, त्यामागे ही भीती होती. त्यानंतर नियम बदलत गेले. २०११ साली मध्यवर्ती बँकेने मर्यादा घातल्या : गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज आणि तेही ६० महिन्यांत फेडायचे, वैयक्तिक कर्ज पगाराच्या वीसपटीपर्यंत, आणि सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. २०१४ साली अल एतिहाद क्रेडिट ब्युरोचे काम सुरू झाले. आणि २ जानेवारी २०२२ पासून निव्वळ खात्यात पैसे नसल्याने धनादेश परत जाणे हे, फसवणुकीचे प्रकार वगळता, फौजदारी गुन्ह्यांतून काढले गेले.

याच काळात फोनवरची उधारी आली. २०१९ साली दुबईत सुरू झालेली टॅबी आणि पाठोपाठ सौदीतली तमारा यांनी छोट्या खरेदीचे चार हप्ते करण्याची सोय दिली, आणि टायरची दुकाने त्यात लगेच सामील झाली. गिऱ्हाइकाला व्याज नाही, कंपनीची कमाई मुख्यतः दुकानदाराकडून घेतलेल्या शुल्कावर. इथे तारण काय? टायर तर नाहीच. तारण तुम्ही स्वतः : तुमचा ओळख क्रमांक, तुमचे कार्ड, मागे वेळेवर भरलेले हप्ते. म्हणजे दीडशे वर्षे वस्तूंवर कर्जे देऊन झाल्यावर उधारी पुन्हा माणसाच्या अंगावर आली! फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आज बापाच्या कर्जासाठी मुलाला समुद्रात उतरावे लागत नाही.

वही कोणाच्या हातात?

या सगळ्यातून शिकायचे काय? माझ्या मते एकच गोष्ट : कर्ज वस्तूपेक्षा जास्त जगता कामा नये.

टायर ही मोजपट्टी म्हणून उत्तम, कारण त्याची मुदत अंगावरच लिहिलेली असते. समजा, चार टायरचे १६०० दिरहम झाले. चारशेचे चार हप्ते केले तर देणे तीन महिन्यांत संपते, आणि टायर पुढे पावणेपाच वर्षे चालतो. उत्तम व्यवहार. आता हेच १६०० क्रेडिट कार्डावर टाकले आणि दरमहा फक्त किमान रक्कम भरली. महिना ३ टक्के आकार आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के असे धरू, आणि किमान रकमेला दुसरी कुठली खालची मर्यादा नाही असे मानू. पाच वर्षांनी टायरची मुदत संपेल तेव्हा तुम्ही जवळजवळ २,८०० दिरहम भरलेले असतील, आणि तरीही सुमारे ४३४ दिरहम बाकी असतील! टायर भंगारात गेला, कर्ज जिवंत. पाणबुड्याच्या वहीत आणि या कार्डाच्या हिशेबात तत्त्वतः काही फरक नाही.

यावर उपाय कोणता, तेही इतिहासानेच सांगून ठेवले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दंगा दख्खनभर पसरला. चौकशी झाली, आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती, हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क दिला. १९२० च्या दशकात बहारीनमध्ये पाणबुड्यांच्या कर्जाची सुधारणा झाली, तेव्हाही मुख्य कलम हेच होते की प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही द्यावी आणि उचलीला मर्यादा घालावी. सुपे आणि बहारीन, मध्ये अरबी समुद्र आणि अर्धे शतक; पण इलाज सुचला तो एकच. वही सावकाराच्या पेटीतून काढून कर्जदाराच्या हातात द्या.

आज ती वही आपल्या खिशात आहे. क्रेडिट ब्युरोचा अहवाल थोडे शुल्क भरून फोनवर मिळतो. मुराबहाच्या करारात मूळ किंमत आणि नफा छापलेला असतो. पाणबुड्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याची फसगत झाली. आपण बी.ई., एम.बी.ए., एम.एस. झालेले लोक, आपल्याला वाचता येते, पण आपण वाचत नाही, हे मात्र खरे.

उधारी वाईट नाही. पैसे नाहीत म्हणून सहा वर्षांचा टायर तसाच दामटणे, किंवा कुठूनतरी वापरलेला टायर आणून बसवणे, हे चार हप्त्यांपेक्षा कितीतरी महाग पडू शकते, आणि ती किंमत दिरहममध्ये मोजता येत नाही. नव्याने आलेल्या, पगार बेताचा असलेल्या आपल्या एखाद्या मराठी मुलाने टायरसाठी हप्ते केले तर त्याला हिणवू नये; उलट त्याच्या शेजारी बसून कागद वाचून द्यावा. मंडळ असते ते अशाच कामासाठी.

म्हणून पुढच्या पासिंगपूर्वी दोन गोष्टी जरूर पाहा. टायरच्या कडेवरचे चार आकडे, आणि तुमच्या शेवटच्या हप्त्याची तारीख. दुसरी पहिलीच्या मुदतीच्या बरीच आधी येत असेल, तर निर्धास्तपणे गाडी काढा. प्रवास सुखाचा होवो!